बेडकांच्या पैदाशीत पिल्लांचा डीएनए नोंदलेल्या आई-बापांशी जुळत नाही, तेव्हा काय तपासावे

लक्षणे

पैदाशीच्या जोड्यांचे आणि त्यांच्या पिल्लांचे नमुने प्रयोगशाळेतून तपासून येतात, तक्ता उघडला जातो, आणि शंभरातल्या दहा-पंधरा पिल्लांना नोंदवहीतले आई-बाप लागूच पडत नाहीत. ब्राझीलमधल्या साओ पाउलो राज्यातील बुलफ्रॉग-पालन केंद्रांसाठी मायक्रोसॅटेलाइट मार्करवरून (म्हणजे डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या लांबीवरून) पितृत्व ठरवण्याचे काम करताना ही तक्रार माझ्याकडे दर हंगामात येते, आणि दर वेळी पहिला संशय मार्करवरच घेतला जातो. माझा अनुभव उलटा आहे. दोष बहुतेक वेळा टाकीत, कात्रीत किंवा नळीवरच्या आकड्यात निघतो. मार्करची पाळी फार उशिरा येते. म्हणून पुढची तपासणी फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून सुरू करून खर्चाच्या गोष्टींकडे नेली आहे, आणि हा क्रम मोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तपासणीला हात घालण्यापूर्वी न जुळण्याची तऱ्हा नीट पाहून घ्यावी, कारण अर्धे निदान तिथेच होते. एखादे पिल्लू सात-आठ मार्करवर आपल्या आई-बापांशी विसंगत असेल आणि दुसऱ्या एखाद्या जोडीशी मात्र सगळ्या मार्करवर तंतोतंत जुळत असेल, तर ते पिल्लू त्या दुसऱ्या जोडीचेच आहे. मार्कर खरे बोलत आहे आणि नोंद चुकलेली आहे. विसंगती एकाच मार्करवर, पण अनेक पिल्लांत दिसत असेल आणि ती सगळी पिल्ले तिथे समयुग्मी, म्हणजे एकाच ॲलीलची (मार्करच्या एकाच लांबीच्या रूपाची) दिसत असतील, तर ती मार्करची खोड असण्याचा संभव मोठा. एकाच नमुन्यात बऱ्याच मार्करवर तीन-तीन, चार-चार ॲलील दिसले, तर नळीत दोन प्राण्यांचा डीएनए आहे. एका प्लेटमधले सगळेच नमुने एक-दोन बेसने (डीएनएच्या अक्षरांनी) सरकलेले असतील, तर दोष यंत्राच्या वाचनात आहे. तोच नमुना पुन्हा चालवल्यावर वेगळे उत्तर येत असेल, तर डीएनए कमी किंवा खराब आहे. आणि संगणक एकाच पिल्लासाठी दोन-तीन नरांना सारखेच गुण देत असेल, तर कुठेच चूक झालेली नसून हाताशी असलेली माहितीच अपुरी आहे.

या जुळणीवर इतका भर का, हे नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. टॅडपोलला टिकाऊ खूण करणे अवघड असते. शेपटीवर खूण केली तरी रूपांतराच्या वेळी शेपटीच शरीरात विरून जाते. त्यामुळे मार्कर नसतील तर प्रत्येक कुटुंब वेगळ्या टाकीत वाढवावे लागते. मग एका कुटुंबाचे वजन जास्त भरले तर ते रक्ताचे म्हणावे, की त्या टाकीतल्या उबदार पाण्याचे आणि कमी गर्दीचे, हे सांगता येत नाही. मार्करमुळे सगळी कुटुंबे लहानपणापासून एकाच टाकीत वाढवून, विक्रीच्या वजनाला आल्यावर कोण कोणाचे ते ओळखता येते, आणि निवडीला खरा अर्थ येतो. बुलफ्रॉगची एक मोठी मादी एका वेळी वीस हजारांपर्यंत अंडी घालते. एवढ्या संततीमुळे एका जोडीला चुकून मिळालेले श्रेय पुढच्या पिढीत केंद्रभर पसरायला वेळ लागत नाही.

पहिली तपासणी: नोंदवही आणि टाकी

याला एक पैसाही लागत नाही, आणि माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त तक्रारी इथेच संपल्या आहेत. बुलफ्रॉगची अंडी पाण्याच्या पृष्ठभागावर एका पातळ, पसरट सायीसारखी तरंगतात. वरून पाहिले तर पारदर्शक चिकट थरात खसखस पेरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. एका रानारियोत, म्हणजे बेडूकपालन केंद्रात, पैदाशीच्या शेजारशेजारच्या कप्प्यांमधली भिंत पाण्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा दोन-अडीच बोटेच उंच होती. रात्री पाऊस झाला, पाणी चढले, आणि सकाळी त्या सायीचा तळहाताएवढा कोपरा भिंतीवरून पलीकडे गेलेला मी स्वतः पाहिला. ती साय काचेसारखी पारदर्शक असल्यामुळे वाकून, तिरप्या उजेडात पाहिल्याशिवाय तो कोपरा दिसलाच नसता. त्या केंद्राने याआधी दोन हंगाम मार्कर बदलण्यात घालवले होते.

म्हणून अंडी घातली त्या रात्रीच्या पाण्याची पातळी, पावसाची नोंद, कोणत्या कप्प्यातून कोणत्या वेळी अंडी उचलली आणि कोणत्या टाकीत सोडली, हे सगळे नोंदवहीत आहे का ते पाहावे. अंडी उचलण्याचे जाळे किंवा भांडे प्रत्येक कप्प्याला वेगळे आहे का, हेही विचारावे. जाळ्याला चिकटलेल्या बोटभर चिकट थरातसुद्धा शंभरावर अंडी असू शकतात. न जुळणारी पिल्ले ज्या जोडीशी जुळतात ती जोडी शेजारच्याच कप्प्यातली निघाली, किंवा त्याच सकाळी आधी हाताळलेली निघाली, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही.

त्यानंतर नर-मादीची ओळख तपासावी. पूर्ण वाढलेल्या बुलफ्रॉग नराच्या कानाचा गोल पडदा डोळ्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असतो आणि गळा पिवळा असतो. मादीचा पडदा साधारण डोळ्याएवढाच असतो. कोवळ्या नरांत हा फरक अजून उमटलेला नसतो, आणि मादी समजून कप्प्यात ठेवलेला दुसरा प्राणी नर निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. फलन शरीराबाहेर, पाण्यात होते, त्यामुळे मादीला कवटाळून बसलेल्या नराशिवाय जवळ असलेल्या दुसऱ्या नराचे शुक्राणूही काही अंड्यांपर्यंत पोहोचू शकतात. अशा वेळी एकाच सायीतली काही पिल्ले एका बापाची आणि काही दुसऱ्याची असतात, आईच्या बाजूचा ॲलील मात्र सगळीकडे बरोबर जुळतो. आई जुळते आणि बाप जुळत नाही, असे चित्र दिसले की त्या कप्प्यात त्या रात्री किती नर होते, हा पहिला प्रश्न विचारावा.

ज्या केंद्रांत पांढरे, म्हणजे अल्बिनो बुलफ्रॉग पाळले जातात, तिथे आणखी एक फुकटची चाचणी आहे. पांढरेपणाचा हा गुणधर्म अप्रभावी असतो, त्यामुळे एकाच वाणाच्या दोन पांढऱ्या पालकांची सगळी पिल्ले पांढरीच निघायला हवीत. अशी एक जोडी मुद्दाम पैदाशीच्या रांगेत मधोमध ठेवावी. तिच्या टाकीत काळपट टॅडपोल दिसले तर सरमिसळ होत असल्याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा मिळतो, तोही प्रयोगशाळेला एक नमुना न पाठवता.

दुसरी तपासणी: कात्री, चिमटा आणि नळी

बेडकाच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते. माणसाच्या तांबड्या पेशींत ते नसते. याचा फायदा असा की बेडकाच्या थेंबभर रक्तातून भरपूर डीएनए मिळतो. तोटा असा की कात्रीच्या पात्याला लागलेला रक्ताचा पुसट डागसुद्धा पुढच्या नमुन्यात आपली साक्ष लिहून जातो. टॅडपोलच्या शेपटीचा दोन-तीन मिलिमीटरचा शेंडा कापताना मी कात्री भिंगाखाली धरून पाहिली आहे. पाती वरवर पुसलेली दिसतात, पण जिथे ती एकमेकांवर सरकतात त्या खिळ्याजवळच्या फटीत लालसर ओल शिल्लक असते, आणि ती पुढच्या कापाबरोबर पात्यावर उतरते.

त्यासाठी दोन नमुन्यांमध्ये कात्री आणि चिमटा पातळ ब्लीचमध्ये बुडवून, स्वच्छ पाण्यात खळबळून, कोरडे करावेत. नुसते स्पिरिटमध्ये बुडवल्याने डीएनए नष्ट होत नाही, तो तिथेच चिकटून राहतो. शक्य असेल तर दोन-तीन कात्र्या आळीपाळीने वापराव्यात, म्हणजे घाईत एखादा टप्पा गाळण्याचा मोह होत नाही. ब्लीचचा अंश नळीत गेला तर तो त्या नमुन्याचाच डीएनए खाऊन टाकतो, म्हणून खळबळणे महत्त्वाचे आहे.

अगदी लहान टॅडपोल अख्खाच नळीत टाकण्याची पद्धत मला मान्य नाही. टॅडपोल मेलेल्या भावंडांचे आणि न उबवलेल्या अंड्यांचे तुकडे खातात, त्यामुळे त्यांच्या आतड्यात दुसऱ्याचा डीएनए असू शकतो आणि तो तिसऱ्या ॲलीलच्या रूपाने समोर येतो. अंड्याचा नमुना घेण्याचाही आग्रह धरू नये. अंड्याभोवतीच्या चिकट थरात परक्या नराचे शुक्राणू अडकलेले असू शकतात, शिवाय तो थर पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या, अभिक्रियेत अडथळा आणतो. अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात. तेवढे थांबून, पिल्लू थोडे वाढू देऊन, शेपटीचा शेंडा घेणे केव्हाही चांगले. मोठ्या बेडकांच्या बाबतीत बोट कापण्यापेक्षा तोंडाच्या आतून कापसाच्या बोळ्याने हलके पुसून घेतलेला नमुना मला जास्त योग्य वाटतो, कारण तो प्राण्याला इजा करत नाही आणि पैदाशीच्या बेडकाकडून लागेल तेव्हा पुन्हा घेता येतो.

नळ्यांवरचे आकडे तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे आकडा फक्त झाकणावर लिहिला आहे का, कारण झाकणे अदलाबदल होतात. तो नळीच्या अंगावरही हवा. दुसरे म्हणजे साठवणीच्या अल्कोहोलने शाई पुसली गेली आहे का. पेन्सिलने लिहिलेली कागदाची बारीक चिठ्ठी नळीत टाकण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे, कारण पेन्सिलीचे अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही.

तिसरी तपासणी: साठवण

नमुना फॉर्मलिनमध्ये ठेवला असेल तर तो बाजूला काढावा. त्यातला डीएनए तुटलेला आणि प्रथिनांना जखडलेला असतो आणि त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. शुद्ध इथेनॉल, शक्यतो ९५ टक्के किंवा अधिक, हवे, आणि ऊतकाच्या किमान पाचपट तरी हवे. पहिल्या दिवसानंतर ते बदलावे, कारण ऊतकातले पाणी बाहेर पडून इथेनॉल पातळ होते. डीएनए वेगळा करण्यापूर्वी ते इथेनॉल पूर्ण उडू द्यावे, नाहीतर ते पुढे अभिक्रिया अडवते.

चौथी तपासणी: प्लेट आणि यंत्राचे वाचन

यालाही नवीन रसायने लागत नाहीत, फक्त जुन्या फाइल पुन्हा उघडाव्या लागतात. छापील तक्त्यावर विसंबून राहू नये; प्रत्येक नमुन्याचा मूळ आलेख मागून घ्यावा आणि न जुळणारी प्रत्येक नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

शहाण्णव खाचांची प्लेट उलटी फिरवून ठेवली गेली तर पहिल्या रांगेतला पहिला नमुना शेवटच्या रांगेतला शेवटचा होतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे अदलाबदल होतात. हे पकडण्याचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक प्लेटमध्ये एक खाच मुद्दाम रिकामी, फक्त पाणी घालून, मध्यापासून बाजूला ठेवावी. ती बी-३ मध्ये ठेवली असेल आणि आलेखात रिकामेपणा जी-१० मध्ये दिसला, तर प्लेट फिरलेली आहे हे दोन मिनिटांत कळते. त्या रिकाम्या खाचेत शिखरे दिसली, तर मात्र रसायनांतच परका डीएनए शिरलेला आहे आणि ती सगळी प्लेट बाद समजावी.

मायक्रोसॅटेलाइटचे मोजमाप बेसच्या लांबीत होते, आणि तोच तुकडा दोन वेगवेगळ्या यंत्रांवर, किंवा वेगळ्या रंगद्रव्यासह चालवला तर एक-दोन बेसचा फरक पडू शकतो. पालकांचे नमुने गेल्या वर्षी एका प्रयोगशाळेत आणि पिल्लांचे यंदा दुसरीकडे चालवले असतील, तर ही विसंगती जवळजवळ ठरलेलीच असते. यासाठी एकाच बेडकाचा भरपूर डीएनए तयार करून त्याचा भाग प्रत्येक प्लेटमध्ये चालवावा. त्याचे आकडे सरकले तर सगळी प्लेट तेवढीच सरकवून वाचावी.

दोन अक्षरांच्या पुनरावृत्तीच्या मार्करमध्ये मुख्य शिखराच्या दोन बेस अलीकडे एक छोटे सावलीसारखे शिखर येते, ज्याला प्रयोगशाळेत स्टटर म्हणतात. एखाद्या बेडकाचे खरे ॲलील १८६ आणि १८८ असतील, तर १८६ चे खरे शिखर स्टटर समजून गाळले जाण्याचा धोका असतो आणि तो बेडूक १८८/१८८ म्हणून नोंदला जातो. सावलीचे शिखर साधारणपणे मुख्य शिखरापेक्षा बरेच बुटके असते. दोन बेस अलीकडचे शिखर तेवढेच उंच किंवा जास्त उंच असेल तर ते खरे ॲलील आहे असे समजावे. एका बेसच्या अंतरावर जुळी शिखरे दिसत असतील तर कारण वेगळे: पीसीआरमधले विकर तुकड्याच्या टोकाला एक जादा ए (ॲडेनिन) हे अक्षर जोडते, आणि ते काही तुकड्यांना जोडले जाऊन काहींना राहून गेले की अशी जोडशिखरे येतात. शेवटची वाढीची पायरी अर्धा ते एक तास लांबवली की ती बहुधा एक होतात. नवीन मार्कर निवडायची संधी असेल तर चार अक्षरांच्या पुनरावृत्तीचे निवडावेत. त्यांत सावली कमी पडते आणि वाचणाऱ्याचे निम्मे वाद मिटतात.

पाचवी तपासणी: डीएनएचा दर्जा

इथून पुढे रसायनांचा खर्च सुरू होतो, म्हणून आधीच्या चार तपासण्या पूर्ण झाल्याची खात्री करावी. बेडकाच्या त्वचेत आणि टॅडपोलच्या शेपटीत मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य भरपूर असते, आणि ते डीएनएबरोबर नळीत उतरले तर पीसीआरला अडवते. अशा वेळी डीएनएचे मोजमाप चांगले दिसते आणि तरीही शिखरे बुटकी येतात. मी नेहमी करतो ती चाचणी अशी की तोच डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवावा. डीएनए कमी करूनही शिखरे उंचावली, तर अडथळा आणणारा पदार्थ होता आणि तो पातळ झाल्याने अभिक्रिया मोकळी झाली, एवढे सिद्ध होते. अभिक्रियेत बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातले एक प्रथिन) थोडे घातल्यानेही फायदा होतो.

यानंतर न जुळणारा नमुना तीन वेळा स्वतंत्रपणे चालवावा. ही पायरी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन दोषांना ती वेगळे करते. डीएनए फार कमी असेल तर दोन ॲलीलपैकी एक कधी दिसतो, कधी गळतो, आणि गळणारा बहुधा लांब असतो. तिन्ही वेळा वेगवेगळे उत्तर येते. मार्करमध्येच दोष असेल तर तिन्ही वेळा तेच चुकीचे उत्तर अगदी ठामपणे येते. पहिल्या प्रकारात नमुना पुन्हा घ्यावा, दुसऱ्यात पुढच्या तपासणीकडे जावे.

सहावी तपासणी: मार्कर

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. आई १८४/१८४ दिसते आणि बाप १९२/१९६. त्यांची पिल्ले १८४/१९२ किंवा १८४/१९६ असायला हवीत, पण निम्म्याच्या आसपास पिल्ले १९२/१९२ किंवा १९६/१९६ निघतात, जणू त्यांना आईकडून काही मिळालेच नाही. प्रत्यक्षात आईकडे १८४ आणि एक मूक ॲलील आहे. प्रायमर (म्हणजे प्रती वाढवायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) जिथे चिकटायचा त्या जागेत एखादे अक्षर बदललेले असल्याने तो तुकडा वाढतच नाही आणि आलेखात दिसत नाही. ज्या पिल्लांना आईकडून हा मूक ॲलील मिळाला ती फक्त बापाचा ॲलील दाखवतात. एकाच मार्करवर, समयुग्मी दिसणाऱ्या पिल्लांत आणि सुमारे निम्म्या प्रमाणात विसंगती दिसली, की निदान जवळजवळ पक्के समजावे.

स्वस्तातला उपाय म्हणून पीसीआरमधले प्रायमर चिकटण्याचे तापमान तीन ते पाच अंशांनी उतरवून पाहावे. प्रायमर थोडा ढिला चिकटू दिला तर काही वेळा मूक ॲलील बोलू लागतो. तसे झाले नाही तर तो मार्कर पितृत्वाच्या हिशोबातून काढून टाकावा. सोळा मार्करपैकी एक गेल्याने फार बिघडत नाही, पण तो ठेवल्याने खरे बाप नाकारले जातात. एका जातीसाठी तयार केलेले प्रायमर दुसऱ्या जातीच्या बेडकांवर वापरले असतील, तर मूक ॲलीलची अपेक्षा आधीपासूनच ठेवावी. आग्नेय आशियात पाळल्या जाणाऱ्या हॉप्लोबॅट्राकस वंशाच्या बेडकांवर बुलफ्रॉगचे प्रायमर वापरून काम भागवण्याचा मोह मला ठाऊक आहे, पण या दोन्ही कुळांचे मार्ग फार पूर्वी वेगळे झालेले आहेत.

एकाच मार्करवर सगळ्याच बेडकांत, पालकांतसुद्धा, तीन-चार ॲलील दिसत असतील, तर तो मार्कर गुणसूत्रांवर दोन ठिकाणी सापडत आहे. बुलफ्रॉगच्या जनुकसंचाचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला मसुदा सुमारे ५.८ अब्ज बेसचा आहे, म्हणजे माणसाच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यात पुनरावृत्तीचे भाग प्रचंड आहेत. असा मार्कर दुरुस्त होत नाही. तो सोडून द्यावा.

सातवी तपासणी: नाती आणि हिशोब

कधी कधी सगळे बरोबर असूनही संगणक बाप ठरवू शकत नाही. याचे कारण बऱ्याचदा केंद्राच्या इतिहासात असते. बुलफ्रॉग मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. ब्राझीलमध्ये तो १९३५ साली पालनासाठी आणला गेला आणि पुढे केंद्रे एकमेकांकडूनच पैदाशीचे बेडूक घेत गेली. अशा कळपात नर एकमेकांचे भाऊ किंवा चुलतभाऊ निघतात आणि त्यांचे ॲलील सारखेच असतात. एका मार्करने असंबंधित नर वगळला जाण्याची शक्यता ०.४ असेल, तर दहा मार्करने ती ९९ टक्क्यांवर जाते. पण कळपातली विविधता घटून तीच शक्यता ०.२ वर आली, तर तेच दहा मार्कर ८९ टक्क्यांवर अडकतात, आणि उमेदवार सख्खे भाऊ असतील तर त्याहूनही खाली. इथे उपाय जास्त मार्कर घेण्याचा आहे, जुनेच पुन्हा चालवण्याचा नाही.

विषमयुग्मी, म्हणजे दोन वेगळे ॲलील असलेल्या, बेडकांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी आहे का, हे प्रत्येक मार्करसाठी वेगळे काढावे. तूट एकाच मार्करवर असेल तर मूक ॲलील. सगळ्याच मार्करवर सारखी असेल तर कळपात जवळच्या नात्यातली पैदास चालू आहे, किंवा दोन वेगळ्या मूळच्या बेडकांचे नमुने एकत्र मोजले गेले आहेत. ही एक ओळ ध्यानात ठेवली तरी पुष्कळ वेळ वाचतो.

संगणकात दिलेली माहितीही तपासावी. सर्व्हससारखा संगणकीय कार्यक्रम प्रत्येक पिल्लासाठी दिलेल्या उमेदवारांतून पालक निवडतो आणि त्याला वाचनातल्या चुकांचे प्रमाण व उमेदवारांपैकी किती टक्के तपासले आहेत हे सांगावे लागते. पैदाशीनंतर मेलेल्या नराचा नमुना घेतलेलाच नसेल आणि तरीही सगळे उमेदवार तपासले आहेत असे लिहिले असेल, तर तो दुसऱ्याच नराच्या गळ्यात पितृत्व घालतो. कॉलनी हा कार्यक्रम पिल्लांनाच आधी सख्ख्या आणि सावत्र भावंडांच्या गटांत मांडतो, म्हणून पालकांचे नमुने अपुरे असताना मी त्याच्याकडे वळतो. दोन्हींची उत्तरे जिथे वेगळी निघतात, तेवढीच पिल्ले पुन्हा हाताने तपासावीत.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

बेडूक सुस्त असतील, त्वचा सोलत असेल, अंगावर किंवा मांड्यांच्या आत लाल डाग किंवा व्रण दिसत असतील, तर नमुने घेणे तत्काळ थांबवावे आणि जलचर प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाला बोलवावे. कायट्रिड बुरशी आणि रानाव्हायरस हे दोन्ही रोग जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या अधिसूचित यादीत आहेत. बुलफ्रॉग कायट्रिड बुरशी अंगावर बाळगूनही धडधाकट दिसू शकतो, आणि एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरणारे जाळे आणि ओले हात तो रोग इतरत्र नेतात.

मूक ॲलील ठरल्यावर प्रायमर नव्याने आखायचे असतील, तर त्या भागाचा क्रम वाचून पाहावा लागतो. ते काम आण्विक जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे सोपवावे. मायक्रोसॅटेलाइट सोडून हजारो एसएनपी (डीएनएच्या एकाच अक्षराच्या फरकाच्या) मार्करकडे जायचे असेल तर जैवमाहितीशास्त्राचा जाणकार आधी हवा, कारण एवढ्या मोठ्या जनुकसंचात दोन ठिकाणचे तुकडे एकच समजले जाऊन खोटे विषमयुग्मी बेडूक तयार होतात, आणि हे सहजी लक्षात येत नाही.

पैदाशीचे बेडूक कमी करण्याचा निर्णय केवळ जुळणीच्या तक्त्यावरून कधीही घेऊ नये. पाच नर आणि वीस माद्या ठेवल्या तर परिणामकारक संख्या (नात्यातल्या पैदाशीच्या हिशोबात खरी मोजायची संख्या) पंचवीस नसून सोळा भरते, आणि दर पिढीला नात्यातल्या पैदाशीचे प्रमाण सुमारे ३.१ टक्क्यांनी वाढते. ही संख्या ५० च्या खाली उतरत असेल तर पैदासशास्त्राच्या तज्ज्ञाला आराखडा दाखवल्याशिवाय एकही नर काढू नये.

महाराष्ट्र आणि गोव्यातून काही विद्यार्थी हीच पद्धत आपल्याकडच्या मोठ्या पावसाळी बेडकावर, म्हणजे हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनसवर, वापरता येईल का असे विचारतात. पद्धत तीच चालेल, पण प्रायमर त्या जातीचे हवेत, आणि बेडूक पकडण्यापूर्वी वन विभागाची लेखी परवानगी हवी. ही जात १९८५ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे तिला संरक्षण आहे, आणि भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद केली. गोव्यात पहिल्या पावसात जम्पिंग चिकनच्या, म्हणजे बेडकाच्या मांसाच्या, नावाखाली होणारी शिकार बेकायदेशीर आहे. अशा शिकारीतून मिळालेले ऊतक नमुना म्हणून स्वीकारू नये, कोणी फुकट देत असले तरीही.

तज्ज्ञाकडे जाताना छापील तक्ता नेऊन काम भागत नाही. प्रत्येक नमुन्याच्या मूळ आलेखाच्या फाइल, प्लेटचा नकाशा, संदर्भ-बेडकाचे प्रत्येक वेळचे आकडे, अंडी उचलल्याची नोंदवही आणि तीन वेळा चालवलेल्या नमुन्यांची तिन्ही उत्तरे बरोबर न्यावीत. पालकांचे उरलेले ऊतक इथेनॉलमध्ये तसेच ठेवावे, पिल्ले विकली गेल्यानंतरही. मेलेल्या नराचा नमुना पुन्हा कोठूनही मिळत नाही.